मोबाइल चोरीला गेला तर इंग्रजीत 'रॉबरी' म्हणावं का? या शब्दाचा नेमका अर्थ काय?

लोकलच्या गर्दीत कुणी खिशातून अलगद मोबाइल काढला आणि तुम्हाला ते स्टेशनबाहेर आल्यावर कळलं, तर ती रॉबरी नाही. ती थेफ्ट, म्हणजे साधी चोरी. तोच मोबाइल चाकूचा धाक दाखवून किंवा मारहाण करून नेला, तर रॉबरी. आपले पोलीस याला 'जबरी चोरी' म्हणतात. इतका चपखल प्रतिशब्द क्वचितच सापडतो.

वाक्यात वापरताना मात्र गडबड होते. 'माय मोबाइल वॉज रॉब्ड' हे सर्रास ऐकू येतं, पण ते चूक आहे. मराठीत आपण 'पाकीट चोरलं' पण 'प्रवाशाला लुटलं' म्हणतो ना, इंग्रजीतही तसंच. 'स्टील' वस्तूसाठी, 'रॉब' माणसासाठी, बँकेसाठी, दुकानासाठी. म्हणून 'माय मोबाइल वॉज स्टोलन'. धाक दाखवून नेला असेल तर 'आय वॉज रॉब्ड'.

तक्रार लिहिताना तर हे फार जपावं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम 303 मध्ये आहे, जबरी चोरी 309 मध्ये. साध्या चोरीला पहिल्या खेपेस 3 वर्षांपर्यंत कैद, जबरी चोरीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. झटक्यात मंगळसूत्र हिसकावून पळणाऱ्यांसाठी आता 304 हे वेगळं कलम आहे. त्यामुळे कुणी धमकावलं असेल, हात पिरगळला असेल, तर नुसतं 'चोरीला गेला' लिहून थांबू नका. काय घडलं ते जसंच्या तसं लिहा.

घरफोडीला 'बर्गलरी' म्हणतात. हा शब्द तुम्हाला विम्याच्या कागदांत भेटेल आणि तिथे तो महागात पडू शकतो. पॉलिसीतल्या व्याख्येत बळजबरीने आत शिरणं किंवा बाहेर पडणं ही अट असेल, तर कुलूप-कडी न तोडता झालेल्या चोरीची भरपाई मिळत नाही. हरचंद राय चंदन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये हेच सांगितलं. दुकानाचा किंवा गोदामाचा विमा असेल तर पॉलिसीतलं ते व्याख्यांचं पान काढून वाचा, आणि साधी चोरीही धरलेली आहे का ते एजंटकडून लेखी घ्या.