ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं

प्रश्न: काकांची १९६८ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, तारांची चाकं. मोहोळच्या पुढं हायवेला ऐंशी आला की स्टिअरिंग थरथरतं, नव्वदच्या वर परत शांत. बॅलन्सिंग केलं, फरक नाही. – एक वाचक, सोलापूर

उत्तर: ठराविक स्पीडलाच थरथरतंय म्हणजे आधी चाकं बघा, लगेच अलाइनमेंटवाल्याकडं पळू नका. पुढची चाकं मागं टाका, थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकातच. मग जॅक लावून चाक फिरवा, रिमजवळ खडू धरा, वाकडं असेल तिथं रेघ उमटते, आणि तारांवर पाना हलकेच वाजवत जा, टणकन न वाजता बद्द वाजेल ती ढिली. गाडी कित्येक महिने एका जागी उभी असेल (आणि आपला सोलापुरी उन्हाळा!) तर टायर चपटतो, तो बॅलन्सिंगनं सरळ होत नाही ओ.

चाक वरखाली धरून हलवल्यावर प्ले (ढिलेपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती). ब्रेक दाबलेला असतानाच चाक पुढंमागं फिरवून टक् वाजलं तर हबचे (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचे) दात झिजलेत, मग चाकाचा मधला नट कितीही ठोका, उपयोग शून्य. हब आणि चाक दोन्ही बदला, जुन्या हबवर नवं चाक चढवलंत तर तेही खाऊन टाकेल.