अमेरिकेत मुलीच्या ब्रेसेससाठी डेंटल इन्शुरन्स निवडताना काय बघावं?

न्यू जर्सीत आहात, मुलगी ११ वर्षांची आहे आणि वर्षभरात ब्रेसेस (दातांच्या तारा) लागतील, असं तुम्ही लिहिलंय. मग मासिक हप्ता नंतर बघा. आधी प्लॅनच्या कागदात ‘ऑर्थोडॉन्टिक लाइफटाइम मॅक्सिमम’ शोधा, म्हणजे दात सरळ करण्याच्या उपचारासाठी कंपनी एकूण जास्तीत जास्त किती पैसे देईल ती मर्यादा. खरी मेख तिथेच आहे.

‘५० टक्के कव्हर’ वाचून हुरळून जाऊ नका. समजा खर्च ६,००० डॉलर आणि ही मर्यादा १,५००. निम्मे म्हणजे ३,००० मिळायला हवेत, पण हातात पडतात १,५००च, तेही बहुधा उपचार चालू असताना टप्प्याटप्प्याने. उरलेले ४,५०० तुमचे.

दुसरं, वेटिंग पीरियड, म्हणजे विमा घेतल्यावर ब्रेसेसचे पैसे मिळायला लागेपर्यंत थांबायचा काळ. स्वतः घेतलेल्या प्लॅनमध्ये तो अनेकदा १२ महिन्यांचा असतो. नोकरीतल्या ग्रुप प्लॅनमध्ये बऱ्याचदा नसतो, म्हणून आधी दोघांच्याही ऑफिसचे प्लॅन बघा. तारा आधी बसवून मग विमा घेतला, तर अनेक कंपन्या हात वर करतात.

मार्केटप्लेसवरच्या (स्वतः विमा घ्यायच्या सरकारी वेबसाइटवरच्या) मुलांच्या प्लॅनमध्ये ब्रेसेस साधारणपणे वैद्यकीय गरज असेल तरच मिळतात. नुसते वाकडे दात त्यात बसत नाहीत.

उपचाराच्या करारावर सही करण्याआधी डॉक्टरांकडून विमा कंपनीला खर्चाचा अंदाज पाठवायला सांगा, उत्तर लेखी घ्या. उरलेल्या रकमेसाठी ऑफिसचं एफएसए (पगारातून कर कापण्याआधी उपचारांसाठी पैसे बाजूला ठेवायचं खातं) वापरलं तर करही वाचतो.

आणि हो, ‘सुट्टीत पुण्यात करून घेऊ’ हा सल्ला कुणीतरी देईलच. पण तारा दर चार ते आठ आठवड्यांनी तपासाव्या लागतात, तेही दीड-दोन वर्षं!