रॅकवर पडून असलेले पैसे

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गोदामातल्या अप्रेंटिसशिपचे सहा महिने झाले, माल उतरवून घेणं, पिकिंग (ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढणं), डिस्पॅच सगळं हाताखालून गेलं, आणि आता पुढच्या टप्प्यात नेतृत्व, व्यूहरचना आणि वित्त असे तीन विषय आले आहेत. आधी कशाकडे लक्ष देऊ, असं तू विचारलं आहेस. शिवाय जाता जाता एक वाक्य टाकलं आहेस, की वित्त काही आपला प्रांत नाही, ते अकाउंट्सवाले बघतील. त्या एका वाक्यामुळे हे पत्र लांबणार आहे.

आधी वित्तच शीक. तुमच्या वेळापत्रकात ते शेवटी असेल, तरीही.

मला हे उशिरा कळलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे पॅकिंग मटेरियलची खरेदी होती. सप्लायर म्हणाला, सहा महिन्यांचा माल एकदम उचला, ४ टक्के सूट देतो. मी उचलला. रॅक भरले, साहेबांसमोर कॉलर ताठ झाली. चार-पाच दिवसांनी अकाउंट्समधल्या एका बाईंनी बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. हातात पेन्सिल घेऊन विचारलं, "हे पैसे कुठून आले, माहीत आहे?" कंपनी वर्षाला १२ टक्के व्याजाने बँकेकडून पैसे उचलत होती. सहा महिन्यांचा साठा हळूहळू संपणार, म्हणजे माल सरासरी तीन महिने पडून राहणार. व्याज झालं ३ टक्के. दरमहा खरेदी करायचो तेव्हाही अर्धा टक्का जायचाच, तो त्यांनी त्या व्याजातून प्रामाणिकपणे वजा केला, जादा व्याज राहिलं अडीच टक्के. उरली दीड टक्क्याची बचत. "आता यात जागा, विमा आणि उंदीर तुम्हीच धरा," असं म्हणून कागद माझ्याकडे सरकवला. चौथा महिना सरता सरता मार्केटिंगने डिझाइन बदललं आणि उरलेला दोन महिन्यांचा माल भंगारात गेला. तो कागद पुढे कित्येक वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

ताळेबंदात हाच साठा 'मालमत्ता' म्हणून दिसतो. त्या शब्दाला भुलू नकोस. तीन आकडे शोध: माल किती दिवस पडून राहतो, गिऱ्हाइकाकडून पैसे किती दिवसांनी येतात, आणि आपण सप्लायरला किती दिवसांनी देतो. पहिल्या दोघांची बेरीज करून तिसरा वजा कर. ६० अधिक ४५ वजा ३०, म्हणजे ७५ दिवस. सप्लायरला दिलेला पैसा परत हाती येईपर्यंत कंपनीने ७५ दिवस स्वतःच्या किंवा उसन्या पैशावर काढायचे आहेत. समजा, रोज १ लाखाचा माल गोदामातून बाहेर पडतो. साठा १० दिवसांनी कमी केलास की १० लाख मोकळे झाले. पण हा नफा नव्हे, हे पक्कं लक्षात ठेव. ती रक्कम एकदाच मोकळी होते. नफ्यात दिसेल ते तिच्यावरचं वाचलेलं व्याज, १२ टक्क्यांनी वर्षाला १ लाख २० हजार. "आम्ही १० लाख वाचवले" असं सांगणारी मंडळी अकाउंट्सवाल्यांसमोर पहिल्याच मिनिटाला गार होतात. (तिसरा आकडा वाढवणं सगळ्यात सोपं वाटतं: सप्लायरचे पैसे लांबवा. तो ते दुखणं पुढच्या भावात घालून परत देतो, किंवा टंचाईच्या दिवसांत आपला नंबर शेवटी लावतो.)

ऑर्डर केवढी द्यावी याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं. आज ते सॉफ्टवेअरच्या पोटात असतं, म्हणून कुणी उघडून बघत नाही. तू एकदा हाताने करून बघ. वर्षाला १२०० नग लागतात, दर ऑर्डरमागे खर्च १०० रुपये, एक नग वर्षभर सांभाळायला ६ रुपये. सूत्र म्हणतं, २०० नगांची ऑर्डर दे. ऑर्डरचा आणि साठवणुकीचा मिळून वर्षाचा खर्च १२०० रुपये. आता मुद्दाम चूक कर, ३०० ची ऑर्डर दे. खर्च होतो १३००. ऑर्डर दीडपट झाली आणि खर्च वाढला जेमतेम ८ टक्के! तेव्हा २०० की २१० यावर कुणी तास घालवत असेल तर त्यात पडू नकोस. वाद घालायचाच तर त्या ६ वर घाल. तो कुठून आला? त्यात व्याज धरलंय का, खराब होणारा माल धरलाय का, की कुणीतरी दहा वर्षांपूर्वी भरलेला आकडा तसाच पुढे चालला आहे? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी शेवटचंच खरं निघालं.

व्यूहरचनेवर फार लिहीत नाही. या विषयाच्या तासाला भारदस्त शब्द पुष्कळ मिळतील. पीटर क्रालजिक यांनी १९८३ मध्ये मांडलेला चौकोन मात्र नीट समजून घे: एका बाजूला वस्तूचा नफ्यावर होणारा परिणाम, दुसऱ्या बाजूला ती मिळण्यातली जोखीम. किरकोळ किमतीचं रबरी सील एकाच सप्लायरकडे मिळत असेल आणि त्याच्यावाचून अख्खी मशीन उभी राहत असेल, तर तिथे भावासाठी घासाघीस करणं हा शुद्ध वेडेपणा. ते भरपूर घेऊन ठेव. आताच साठा कमी कर म्हणालो आणि लगेच भरपूर घे म्हणतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कुठल्या मालाचे दिवस कमी करायचे आणि कुठल्याचे मुद्दाम वाढवायचे, हे कारणासकट सांगता आलं की त्या तासातलं निम्मं काम झालं.

आता नेतृत्व. हाताखाली एकही माणूस नाही, मग नेतृत्व कसलं, असं तू लिहिलं आहेस. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेतल्या अल्बुकर्की इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. दहाएक मिनिटांत विझलीही. पण धुराने आणि पाण्याने, जिथे धुळीचा कणही चालत नाही त्या खोल्या नासल्या. मोबाइलसाठी इथल्या चिप नोकिया आणि एरिक्सन दोघेही घेत होते, आणि सुरुवातीचा निरोप आठवडाभराच्या उशिराचा होता. नोकियात तो लगेच वर पोचला. रोज पाठपुरावा सुरू झाला, फिलिप्सच्या दुसऱ्या कारखान्यांतली क्षमता मागून घेतली गेली, काही चिप दुसरीकडे बनतील असे बदल केले गेले. एरिक्सनमध्ये निरोप खालच्या पातळीवरच रेंगाळला, आणि वरच्यांना गांभीर्य कळेपर्यंत बाजारात मोकळी क्षमता उरली नव्हती. त्यांचं नुकसान सुमारे ४० कोटी डॉलर सांगितलं जातं.

असे फोन कंपनीच्या अध्यक्षांना येत नाहीत. ते तुझ्या टेबलावर येतात. "साहेब, माल आठवडाभर उशिरा येतोय" असं सांगितलंस तर साहेब मान हलवतील आणि विसरतील. त्याऐवजी असं सांगून बघ: "आपल्याकडे ९ दिवसांचा साठा आहे. ट्रक १२ दिवसांनी आला तर ३ दिवस लाइन बंद राहील, या दोन गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी चुकतील. विमानाने मागवलं तर खर्च इतका, दुसऱ्या सप्लायरकडून घेतलं तर इतका. संध्याकाळपर्यंत ठरवावं लागेल." हे बोलायला हुद्दा लागत नाही, आकडे लागतात. म्हणून तर वित्त आधी म्हणालो.

तुमच्याकडून बहुधा बिअर गेमही खेळवून घेतील. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९६० च्या दशकात तयार झालेला खेळ आहे: दुकानदार, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना अशी साखळी. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच, आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ वर जाते आणि तिथेच थांबते. तरी कारखान्यापर्यंत पोचताना ऑर्डरींचा पूर येतो, आणि शेवटी सगळे गिऱ्हाइकाच्या नावाने खडे फोडतात. खरे आकडे दाखवण्याआधी, खेळताना तू मनातल्या मनात कुणाला शिव्या घातल्यास ते एका चिठ्ठीवर लिहून ठेव. ती चिठ्ठी मला दाखवायची गरज नाही.

आणि ट्रकवाल्यांशी बोलत जा. गेटवर किती तास उभं राहावं लागतं हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं.

सोमवारी एक काम कर. गोदामातला सगळ्यात जुना खोका शोध. तो आत कधी आला, तेव्हा किती पैसे मोजले, आणि तो कुणाच्या सहीने मागवला होता, हे काढ. सही करणारा अजून तिथेच असेल तर त्याला जरा जपून विचार. माझ्यासारखाच कुणी ४ टक्क्यांवर भुललेला असेल. काय सापडलं ते कळव.

तुझा,
काका