तिसऱ्या मालकाकडेही गाडी प्रीमियमच राहिली पाहिजे

या वेळच्या प्रश्नांमध्ये महागड्या गाड्यांबद्दलचे प्रश्न खूप आलेत, म्हणून हा अंक त्यांनाच देऊन टाकला. काहींनी नाव छापू नका असं लिहिलंय, त्यामुळे सगळ्यांचेच फक्त भाग आणि गावं दिलीत.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला प्रोजेक्ट दिलाय, एका प्रीमियम कार कंपनीची पुढच्या १० वर्षांची स्ट्रॅटेजी तयार करा. ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात, अर्धे म्हणतात सगळं इलेक्ट्रिक करून टाका, अर्धे म्हणतात पेट्रोल सोडू नका. सर, तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं?
(गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर: तुमच्या ग्रुपचं भांडण ज्यावर चाललंय त्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी तारखा जाहीर करून झाल्यात आणि मागेही घेऊन झाल्यात. व्होल्वोने २०२१ ला सांगितलं की २०३० पासून फक्त इलेक्ट्रिक, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ते सोडून दिलं. मर्सिडीज २०२१ ला म्हणाली की जिथे बाजार तयार असेल तिथे दशक संपेपर्यंत सगळं इलेक्ट्रिक, २०२४ ला म्हणाली की दशकाच्या दुसऱ्या अर्ध्यात फार तर निम्म्या गाड्या, आणि त्या निम्म्यात प्लग-इन हायब्रिडही (चार्ज होणाऱ्या, पण पेट्रोल इंजिनही असणाऱ्या) धरल्या. पोर्शेला २०३० पर्यंत ८० टक्के इलेक्ट्रिक विकायच्या होत्या, पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की केयेन या त्यांच्या मोठ्या एसयूव्हीच्याही वरची जी नवी एसयूव्ही इलेक्ट्रिक म्हणून येणार होती ती आधी पेट्रोल आणि हायब्रिडमध्येच येईल. बीएमडब्ल्यूने मात्र तारीखच दिली नाही, पेट्रोल, डिझेल, हायब्रिड, इलेक्ट्रिक सगळं चालू ठेवलं, टोयोटाबरोबर हायड्रोजनचंही काम धरून ठेवलं आणि त्यावरून बोलणीही खाल्ली, पण त्याच वेळी नोये क्लासे नावाचा अख्खा नवा इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्म, म्हणजे अनेक गाड्यांचा सामाईक पाया, उभा केला, ८०० व्होल्टचा, आणि त्यावरची पहिली गाडी आयएक्स३ हंगेरीत डेब्रेत्सेनला नवा प्लांट बांधून तिथे बनवायला घेतली. म्हणून तुमच्या प्रोजेक्टमध्ये पहिलं वाक्य हेच टाका की आम्ही तारीख जाहीर करणार नाही, दोन्हीची तयारी ठेवणार. महाग पडतं हे, मान्य आहे, पण प्रीमियम कंपनीकडे तेवढं मार्जिन असतं आणि ते खर्च करायची जागा हीच आहे.

आता माझ्या मते खरी स्ट्रॅटेजी कुठे आहे ते सांगतो. नवी गाडी कोणत्या किमतीला विकता येते हे तीच गाडी पाच वर्षांनी कितीला जाते त्यावर ठरतं, परदेशात तर जास्तच, कारण तिथे बऱ्याच प्रीमियम गाड्या लीजवर, म्हणजे काही वर्षांच्या भाड्याने, जातात आणि लीजचा हप्ता मुख्यतः नव्या किमतीतून पुढची रिसेल वजा करून उरलेल्या आकड्यावर ठरतो. तिकडे महागड्या इलेक्ट्रिक सेडान तीन वर्षांत निम्म्याच्या आसपास आल्या आणि मग नव्या गाडीवर डिस्काउंट द्यायची पाळी आली. गिऱ्हाइकाला भीती कशाची आहे? बॅटरी किती उरलीय ते कळत नाही, सॉफ्टवेअर जुनं झालं तर अपडेट येईल की नाही माहीत नाही, आणि वॉरंटी संपल्यावर एखादा मॉड्यूल गेला तर बिल किती येईल याचा अंदाज नाही. मी त्या खुर्चीत असतो तर सगळ्यात आधी दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकासाठी खातं उघडलं असतं. बॅटरीचं हेल्थ सर्टिफिकेट कंपनीच्या सहीशिक्क्याने, सॉफ्टवेअर अपडेट १० वर्षं लेखी, पार्ट १५ वर्षं, आणि अख्खा पॅक न बदलता आतला एक मॉड्यूल बदलायची सोय डिझाइनमध्येच. आणि गाडी परत विकत घ्यायला कंपनी स्वतः उभी, किंमत आधीच सांगून.

हे काही हवेत बोलत नाहीये. टोयोटाच्या लेक्ससने १९८९ ला अमेरिकेत एलएस ४०० आणली, नवा ब्रँड, नाव कोणाला माहीत नाही, आणि थोड्याच महिन्यांत जवळपास ८ हजार गाड्या रिकॉल कराव्या, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यांनी मालकांच्या घरून गाड्या नेल्या, दुरुस्त करून, धुऊन, टाकी भरून परत आणून दिल्या, तीन आठवड्यांच्या आत सगळं उरकलं. नव्या ब्रँडला बुडवू शकलं असतं ते प्रकरण, आणि लेक्ससची सर्व्हिस म्हणजे काय याचं उदाहरण म्हणून आजही तेच सांगतात. प्रीमियमपणा दुरुस्तीच्या वेळेला सिद्ध होतो, शोरूममध्ये सगळेच गोड बोलतात.

दुसरी गोष्ट, मधली गाडी सोडू नका. १९५९ मध्ये बीएमडब्ल्यू विकली जायच्या बेतात होती, कारण एका टोकाला प्रचंड महाग व्ही८ गाड्या, दुसऱ्या टोकाला इसेटा नावाची छोटी अंड्यासारखी गाडी, आणि मध्ये खपेल असं फार काहीच नाही. डाइमलर-बेंझ घेणारच होती, डिसेंबरच्या सभेत छोटे शेअरहोल्डर आणि डीलर आडवे आले म्हणून वाचली, मग उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी पैसा घातला आणि १९६१ ला मधल्या आकाराची १५०० आली, तीच पहिली नोये क्लासे. मर्सिडीजने २०२२ ला उलटं ठरवलं, वरच्या गाड्यांवर जोर आणि खालच्या मॉडेलची संख्या सातवरून चारवर. कागदावर मार्जिन छान दिसतं, पण वरच्या गाड्यांचं मोठं गिऱ्हाईक चीनमध्ये होतं आणि तिथलं चित्र पालटलं. पोर्शेचा चीनमधला खप २०२१ मध्ये ९५ हजारांच्या वर होता, २०२४ मध्ये ५७ हजारांच्याही आत आला, तीन वर्षांत! तिथला तरुण श्रीमंत माणूस शाओमीची गाडी घेतोय कारण तिची स्क्रीन आणि सॉफ्टवेअर त्याला जर्मन गाडीपेक्षा भारी वाटतं. पोर्शे ज्यात येते त्या फोक्सवॅगन ग्रुपमध्ये सॉफ्टवेअर वेळेत झालं नाही म्हणून पोर्शेची मकान ही एसयूव्ही इलेक्ट्रिकमध्ये यायला किती लांबली ते बघा, आणि दरम्यान पेट्रोल मकान युरोपात २०२४ मध्ये सायबरसिक्युरिटीच्या नव्या नियमात बसत नाही म्हणून बंद करावी लागली. तेव्हा प्रोजेक्टमध्ये सॉफ्टवेअरला वेगळं प्रकरण द्या, मोटर आणि बॅटरीएवढंच मोठं.

प्रश्न: टाटांनी जग्वारचं हे काय चालवलंय? जुन्या गाड्या बंद, जाहिरातीत गाडीच नाही, लोगो बदलला. आमच्यासारख्या टाटाप्रेमी माणसाला वाईट वाटतं हो.
(इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: मलाही वाटतं, खरंच. २००८ ला टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही मिळून २३० कोटी डॉलरला घेतल्या तेव्हा किती अभिमान वाटला होता आपल्याला. पण वरच्या किमतीत जायचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी या जर्मन तिघांशी त्यांच्याच किमतीत लढून जग्वारला कधी पुरेसा खप मिळालाच नाही, आणि कंपनीचा पैसा मुख्यतः रेंज रोव्हर आणि डिफेंडरमधून येतो. २०२१ च्या फेब्रुवारीत ठरलं की जग्वार २०२५ पासून फक्त इलेक्ट्रिक, त्याच वेळी जवळपास तयार असलेली इलेक्ट्रिक एक्सजे, त्यांची मोठी सेडान, रद्द केली. इथे मला पटत नाही. जग्वारची इलेक्ट्रिक एसयूव्ही आय-पेस २०१८ मध्येच आली होती, २०१९ ची वर्ल्ड कार ऑफ द इयर झाली, म्हणजे जर्मनांच्या इलेक्ट्रिक एसयूव्ही यायच्या आधी यांच्या हातात चांगली इलेक्ट्रिक गाडी होती आणि तिच्यावर पुढची गाडी चढवलीच नाही. मग ब्रिटनमध्ये २०२४ च्या शेवटाला नव्या जग्वारची विक्रीच थांबवली आणि डिसेंबरमध्ये मायामीला टाइप ०० ही कन्सेप्ट, म्हणजे नुसता नमुना, दाखवली, विकायला गाडी नाही आणि चर्चा मात्र जगभर. आपल्याकडे पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातला शेतकरी जुनी बाग काढतो तेव्हा सगळे प्लॉट एका हंगामात तोडत नाही, एक प्लॉट नवा लावतो आणि दुसऱ्याच्या मालावर घर चालवतो, तसं एखादं मॉडेल तरी चालू ठेवायला हवं होतं.

तरी मी आशा सोडलेली नाही. जुनी डिफेंडर २०१६ च्या जानेवारीत बंद झाली, जवळपास चार वर्षं काहीच नव्हतं, नवी आली तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली, आणि आज तीच कंपनीचा मोठा आधार आहे. आता जेएलआरच्या, म्हणजे जग्वार लँड रोव्हरच्या, प्रमुखपदावर पी. बी. बालाजी आहेत, टाटा मोटर्सचे आधीचे फायनान्सप्रमुख, आकड्यांचा माणूस. नव्या जग्वारवर पहिल्याच वर्षापासून रिसेलची हमी द्यावी एवढंच माझं सांगणं आहे, कारण आधीच्या जग्वारला तिथेच मार बसला.

प्रश्न: द्राक्षाचं पेमेंट आलं की लक्झरी एसयूव्ही घ्यायचा विचार आहे. चार-पाच वर्षं जुनी डिझेल घेऊ की नवी इलेक्ट्रिक? रोजचं मळा ते मार्केट, महिन्यातून मुंबई, वर्षातून दोनदा नागपूर.
(पिंपळगाव बसवंत)

उत्तर: दादा, रोजचं रनिंग चार-पाच किलोमीटरचं असेल तर बीएस६ डिझेल तुम्हाला त्रास देईल. त्या गाडीत डीपीएफ असतो, धुराची काजळी धरणारा फिल्टर, तो साफ व्हायला गाडी सलग वीसेक मिनिटं तरी चांगल्या स्पीडला पळावी लागते, छोट्या छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो आणि मग बिल मोठं येतं. त्यात जुन्या लक्झरी एसयूव्हीला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर मळ्याच्या रस्त्यासाठी ते आधी तपासा, गाडी रात्रभर उभी करून सकाळी चारही कोपरे सारख्या उंचीवर आहेत का बघायचं.

इलेक्ट्रिकचा हिशोब तुमच्या बाजूने आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जीएसटी सरळ ४० टक्के झाला, आधी सेस धरून ५० पर्यंत जायचा, पण इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला पूर्ण टोलमाफी आहे, नागपूरच्या फेऱ्यांना तुम्हाला सिन्नरहून समृद्धीला लागायचं म्हणजे ती कामाचीच. घरी सोलर असेल तर अजून उत्तम. बॅटरीची वॉरंटी बहुतेक ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर मिळते, ती दुसऱ्या मालकाच्या नावावर जाते का हे लेखी घ्या. आणि बुकिंगच्या आधी डीलरला एकच विचारा, गाडी मळ्यात बंद पडली तर फ्लॅटबेड किती तासांत येईल आणि ती दुरुस्त कुठे होईल, नाशिकला की पुण्याला. नाशिकला होत नसेल तर दुसरी कंपनी बघा. मागे आईवडील बसणार असतील तर लाँग व्हीलबेसचा विचार करा, बीएमडब्ल्यूची आयएक्स१ चेन्नईत त्याच रूपात बनते, २०२५ च्या जानेवारीत ४९ लाख एक्स-शोरूमला आली होती. एसयूव्हीत बसायला सोपी, आणि बाकीच्या बऱ्याच लक्झरी इलेक्ट्रिकपेक्षा स्वस्त.

प्रश्न: ब्रिटनबरोबर करार झाला, मग रेंज रोव्हर स्वस्त होणार का?
(कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर: २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, त्यात ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांवरची शंभर टक्क्यांवरची ड्युटी कोट्याच्या आत, म्हणजे वर्षाला ठरावीक गाड्यांपुरती, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार आहे. पण रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट आता पुण्यातच जोडल्या जातात, त्यांची किंमत तेव्हाच उतरली. डिफेंडर स्लोव्हाकियात बनते, तिला ब्रिटनच्या कराराचा उपयोग नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना पहिली पाच वर्षं सवलतच नाही, म्हणजे नवी जग्वारही त्यात बसत नाही.

प्रश्न: अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे, कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीन, दोन सीएनसी, एक व्हीएमसी. जास्त करून डिझेल इंजेक्शनचं जॉबवर्क. तुम्ही इथे मर्सिडीज-बीएमडब्ल्यूच्या उद्याबद्दल लिहिता, आमच्या उद्याबद्दल लिहा.
(अंबड एमआयडीसी)

उत्तर: तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण हे दोन्ही विषय एकच आहेत. सातपूरला बॉशमध्ये डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात, मायक्रॉनमधलं काम, आणि त्याच्या जोरावर नाशिकमध्ये कितीतरी शॉप उभी राहिली, कितीतरी आयटीआयची पोरं कामाला लागली. प्रीमियम गाड्यांमधला डिझेलचा वाटा कमी होत जाणार यात शंका नाही, पण ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर लगेच कुठे जात नाहीत, तेव्हा उद्या सकाळी मशीन बंद पडणार असं समजू नका. तुमच्याकडे वेळ आहे, फक्त तो वापरायला आत्ताच सुरुवात केली पाहिजे.

तुमची खरी मालमत्ता म्हणजे टॉलरन्स धरायची सवय, माप ठरलेल्या फरकाच्या आतच ठेवायचं. मोटरचा शाफ्ट, गिअरबॉक्सचे छोटे पार्ट, बॅटरीखालची कूलिंग प्लेट, इन्व्हर्टरचं अॅल्युमिनियम हाउसिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनचे पार्ट, हे सगळं सीएनसी-व्हीएमसीवरचंच काम आहे. अॅल्युमिनियमला टूलिंग वेगळं लागेल, कूलिंगच्या पार्टला लीक टेस्टिंगचं फिक्स्चर लागेल, तो खर्च मोठ्या मशीनएवढा नाही. तांब्याच्या बसबारचं, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचं, काम तर नाशिकला नवं नाहीच, इथे एबीबी, सीमेन्स, सीजी आहेत, स्विचगिअरवाल्यांचे सप्लायर तुमच्याच गल्लीत दोन गाळे सोडून असतील, त्यांच्याबरोबर मिळून कोटेशन द्या. चाकण आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत आहे, मर्सिडीज २०२२ पासून ईक्यूएस तिथेच जोडते, महिंद्रांच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई तिथेच बनतात. मर्सिडीजचा खप भारतात छोटा आहे, सगळ्या लक्झरी कंपन्या मिळून वर्षाला साधारण ५० हजार गाड्या, त्यामुळे थेट त्यांच्या मागे लागू नका. महिंद्रांचे जे टिअर-१ सप्लायर आहेत, म्हणजे त्यांना थेट माल देणारे, त्यांच्याकडे आधी जा, सॅम्पल पार्ट फुकट करून द्यावा लागला तरी द्या, पण सोबत मेजरमेंट रिपोर्ट जोडा. तो रिपोर्ट बघूनच ते पुढचं ड्रॉइंग पाठवतात.