महागडे पीसी पार्ट घेतले तर जादा पैसे वसूल होतात का?

फोटोशॉप आणि टॅलीसाठी पीसी असेंबल करताय, दुकानदार प्रत्येक पार्टला 'प्रीमियमच घ्या' म्हणतोय, ऐकावं का, असं विचारलंय तुम्ही. एका पार्टपुरतं ऐका, बाकी हात आखडता ठेवा. तो पार्ट म्हणजे एसएमपीएस, सगळ्या पीसीला वीज पुरवणारा डबा.

माझं डीटीपीचं काम. पहिल्या पीसीत प्रोसेसरवर पैसे ओतले आणि कॅबिनेटसोबत आलेला 450 वॅटचा एसएमपीएस तसाच ठेवला. ऐन लग्नसराईत एका दुपारी लाइट गेली, आली, फट् आवाज झाला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला तो गेला, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन गेला. डिस्कवर अकरा पत्रिका होत्या, प्रूफ झालेल्या. डबा उघडला तर कपॅसिटरची, म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगलेली. वजनाला अगदीच पोकळ. मग कुठे स्टिकर नीट वाचलं: 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. गुणाकार केला, 192 वॅट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या 12 व्होल्टवरच चालतात. 450 कुठून आणले देव जाणे.

चांगल्या एसएमपीएसमध्ये 105 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसणारे कपॅसिटर असतात, काही मॉडेलांना 10 वर्षांची वॉरंटी मिळते. पुढचा पीसीही त्याच्यावर निघतो. पण '80 प्लस गोल्ड' पाहून हुरळू नका. तो शिक्का वीज किती वाया जाते याचा, टिकाऊपणाचा नाही. ब्रॉन्झ या खालच्या शिक्क्याऐवजी गोल्ड घेऊन तुमच्या कामात महिन्याला दोनेक युनिट वाचतील. बिलातून ते पैसे निघायला जन्म जाईल.

एसएसडी तर हवीच, पण तिथे हव्यास नको. जुन्या हार्ड डिस्कवरून साध्या एनव्हीएमईवर, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या वेगवान एसएसडीवर, आलात की फरक डोळ्यांना दिसतो. तिथून जेन 5 या आणखी वेगवान, महागड्या पिढीवर गेलात तर टॅलीला त्याचा पत्ताही लागणार नाही. रॅम 8-8 जीबीच्या दोन स्टिक घ्या, दिव्यांशिवायच्या. उरलेले पैसे आयपीएस मॉनिटरला (कुठूनही पाहिलं तरी रंग फारसे न बदलणाऱ्या पडद्याला) घाला, दिवसभर त्याच्याकडेच बघायचंय.

आणि बिलावर नुसतं 'एसएमपीएस 550 वॅट' लिहून घेऊ नका. मॉडेल आणि सिरियल नंबर लिहायला लावा, वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.