घड्याळजीचा रस्ता क्रमानेच काढ

पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचं शेड्यूल, दोन्ही वाचलं. पटकथा आधीच वाचली होती. ती चांगली आहे हे तुला ठाऊक आहे, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही. गिरगावातला ५३ वर्षांचा एकटा घड्याळजी, २२ वर्षांपूर्वी गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलेलं लंबकाचं घड्याळ, आणि ते पोचवायला वडिलांच्या फियाटमधून थेट जैसलमेर. एवढ्या भांडवलावर सिनेमा उभा राहतो.

तू अडलीस ती शेड्यूलवर. प्रॉडक्शन मॅनेजरने जातानाच्या वाटेवरचा शेवटचा, वाळूतला सीन दुसऱ्याच दिवशी लावलाय. गिरगावच्या खोलीतले पहिला आणि शेवटचा सीन एका दिवसात उरकलेत. गाडीतले संवाद मुंबईत स्टुडिओत, मागे रस्ता दाखवणाऱ्या एलईडी पडद्यांच्या भिंतीसमोर. आणि तू विचारतेस, "एवढं ताणून धरावं का?"

धरावं. रस्त्याचा सिनेमा रस्त्याच्या क्रमाने काढायचा. पहिला सीन पहिल्या दिवशी, शेवटचा शेवटच्या दिवशी. यात तडजोड नाही.

लोकेशननुसार सीन क्लब करण्याची रीत चुकीची नाही. एका वाड्यात चाळीस सीन असतील तर ते सलग काढणं शहाणपणाचंच. पण तुझ्या पटकथेत एकही ढाबा, एकही पंप दोनदा येत नाही. परत परत येते ती फक्त गाडी, आणि ती तर तुमच्याबरोबरच चाललीय. मग क्लब करून वाचतं काय? कलाकारांच्या तारखा, बस्स. त्यावर उपाय लिखाणात आहे. वाटेत भेटणारा माणूस त्याच्याच गावात, त्याच्याच सीनपुरता. तो पाली-जोधपूरकडचा स्थानिक नट असेल तर मुंबईहून आणणं नको, थांबवून ठेवणं नको. एखादा पुन्हा हवाच असेल तर परतीच्या वाटेवर भेटव.

हे काही मी काढलेलं खूळ नाही. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सने १९७५ साली पूर्व जर्मनीच्या सीमेलगत 'किंग्ज ऑफ द रोड' काढला तो वाटेच्या क्रमाने. त्यातला नायक गावोगावचे प्रोजेक्टर दुरुस्त करत हिंडतो, म्हणजे तुझ्या घड्याळजीचा जातभाईच. अमेरिकी दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या 'द स्ट्रेट स्टोरी'मधला म्हातारा खरा होता. १९९४ साली, ७३व्या वर्षी, तो गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवातल्या लॉरेन्सहून विस्कॉन्सिनमधल्या माउंट झायनला भावाकडे गेला. लिंचने त्याच वाटेवर, त्याच क्रमाने चित्रीकरण केलं.

क्रम सोडलास की काय होतं ते आता नीट बघ. गाडी मळते. बॉनेटवर धूळ बसते, काचेवर वायपरचा अर्धगोल उमटतो, मडगार्डला चिखल लागतो तो वाळून पांढरा पडतो. माणसाचीही दाढी वाढते, ओठ फुटतात, सदऱ्याची कॉलर काळवंडते. क्रमाने गेलीस तर हे सगळं फुकट मिळतं, एकच गाडी पुरते. उलटसुलट गेलीस तर दर सीनला धूळ 'लावावी' लागते. मुलतानी माती फवारून बसवलेली धूळ सगळीकडे सारख्या जाडीची दिसते. खरी धूळ दाराच्या फटीत आणि काचेच्या रबरापाशी जाड असते, हँडलपाशी हाताने पुसली गेलेली असते. पडद्यावर हा फरक कळतो.

सूर्याचंही तेच. पोकरण ते जैसलमेर, साधारण ११० किलोमीटर, रस्ता जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो. डिसेंबरात तिथे भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेला ४० अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे जाताना ऊन गाडीच्या डाव्या बाजूने येतं. शेजारच्या सीटवर पट्टा बांधून ठेवलेलं घड्याळ उन्हात, आणि चालवणारा सावलीत. परतताना नेमकं उलट. डावी सीट रिकामी आणि सावलीत, ऊन त्याच्या उजव्या हातावर. तुझ्या अख्ख्या सिनेमाचं प्रकाशचित्रण त्या रस्त्याने आधीच करून ठेवलंय, आणि तुम्ही ते एलईडी भिंतीवर नव्याने रचायला निघालात! त्या भिंतीवर दाखवायला लागणारी दृश्यं त्याच रस्त्यावर, त्याच ऋतूत, गाडीवर तीन-चार कॅमेरे लावून आधी काढून आणावी लागतात. म्हणजे तिथे जायचं आहेच, शिवाय भिंतीचं भाडं वेगळं.

जाताना बॉनेटवरून चेहऱ्याचे शॉट दुपारी तीननंतर घे, तेव्हा सूर्य समोर उतरतो आणि तोंड उजळतं. सकाळी तो पाठीमागे असतो. मागची काच पांढरीफटक आणि चेहरा काळा. सकाळ रस्त्याच्या शॉट्ससाठी ठेव. काचेतलं प्रतिबिंब मारायला पोलरायझर हवाच, पण तो पूर्ण फिरवू नकोस. थोडं आभाळ काचेवर राहिलं तर काच आहे असं वाटतं.

पटकथेतली एक गोष्ट मात्र तातडीने दुरुस्त कर. तू लिहिलंयस की घड्याळ वाटभर टिकटिकत असतं. लंबकाचं घड्याळ चालत्या गाडीत चालत नाही, आणि घड्याळजी प्रवासाला निघताना लंबक काढून कागदात गुंडाळतो, नाहीतर त्याची लटकणीची पातळ पट्टी वाकते. हे तुझ्या नायकाला माहीत नाही? तो तर मुक्कामाला पोचल्यावर आधी भिंतीला खिळा शोधेल, घड्याळ टांगेल, लंबक अडकवेल आणि कान लावून बसेल. ठोका लंगडा पडला तर घड्याळाची पेटी बोटभर डावीकडे, मग उजवीकडे सरकवेल, दोन्ही बाजूंचे ठोके सारखे पडेपर्यंत. ढाब्यावरचं कॅलेंडर उतरवून त्या खिळ्यावर घड्याळ टांगणारा परका माणूस, आणि त्याच्याकडे बघत राहिलेला पोऱ्या. हा तुझा विनोद. उंट, फेटे आणि गोरे टुरिस्ट यांच्यावरचे तिन्ही सीन काढून टाक. ते हजारदा झालेत, आणि तिथल्या माणसांचा अपमान आहेत.

दुसरी जागा टोलनाका. फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट टोल पडू लागला. तुझा नायक फास्टॅग लावतच नाही, कारण रोख दिली की खिडकीतला माणूस त्याच्याशी बोलतो. दर नाक्यावर दुप्पट पैसे मोजून दोन वाक्यं. संवादात याचं कारण कुठेही सांगू नकोस. पहिल्या नाक्यावर प्रेक्षक हसेल, चौथ्यावर हसताना गप्प होईल. पण तो चौथा नाका चौथ्याच वेळी काढलेला हवा, कारण नटालाही तोवर त्या खिडकीची सवय झालेली असते. पुन्हा तेच सांगतोय, कळतंय मला. क्रमाने काढ.

आता गाडी. फियाट म्हणजेच प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यात बनायची, मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. जुनी गाडी घेताना आरसी, फिटनेस, विमा आणि पीयूसी चारही कागद चालू आहेत का बघ. परराज्यात युनिट अडकतं ते बहुतेक याच कागदांवरून. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे. नटाला निघण्याआधी चार दिवस रोज दोन तास गाडी दे, मोकळ्या मैदानात. बरोबर ठेवायच्या वस्तू: पॉइंट सेट, कंडेन्सर, चार प्लग, रोटर, फॅनबेल्ट, रेडिएटरचे वरचा-खालचा होज आणि क्लिपा, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, दोन ट्यूब, २० लिटर पाणी. आणि ही गाडी उघडून जोडणारा मेकॅनिक पूर्ण शेड्यूलभर. तो परवडत नाही म्हणतील. एक ड्रोनवाला कमी कर आणि त्याला घे. सीमेकडच्या पट्ट्यात ड्रोन तसाही उडवायचा नाही.

रीटेक चालू असताना इंजिन तासभर आयडलवर ठेवलं की पेट्रोल लाइनमध्ये वाफ धरते आणि गाडी बंद पडते. थंडीतही होतं, कारण वारा आत खेळत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाक, बॉनेट उघडं ठेव, १५-२० मिनिटं थांब. सेल्फ मारत बसलात तर बॅटरीही जाईल. कॅमेरा बॉनेटवर असेल तेव्हा वेग ४०च्या आत. सक्शन कप लावण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसायचा आणि वरून रॅचेट पट्टा आवळायचाच, गरम धुळकट पत्र्यावर कप अर्ध्या तासात सुटतात.

जैसलमेरपुढच्या सम गावचे सीन डांबरी रस्त्यावरच काढ. वाळूत गाडी घालायचा एकच सीन आहे, तोही जातानाच्या वाटेवरचा शेवटचा. हवा २८वरून १६ पीएसआयवर आण. ट्यूबचे टायर असल्याने त्याखाली नको, टायर रिमवर घसरून व्हॉल्व्ह फाटतो. रुतली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही, मागची चाकं खड्डा खणतात. चाकामागची वाळू काढ, फळ्या सरकव, दोघांनी ढकला. डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भर, त्यासाठी बॅटरीवरचा कॉम्प्रेसर ठेव.

लेन्स उघड्यावर बदलू नका. युनिटच्या इनोव्हात बसून बदला, काचा वर, ब्लोअर बंद, कॅमेऱ्याचं तोंड खाली. धूळ रबरी ब्लोअरने उडवायची, कापडाने पुसलीत तर काचेवर चरे. पद्मिनीला एसी नाही, काचा उघड्या, म्हणजे आवाजाची बोंब. एक लेपल माइक सदऱ्याच्या आत, दुसरा सनवायझरला. डिकीतली हत्यारं घोंगडीत गुंडाळ. शॉट ओके झाला की तिथेच, इंजिन बंद करून, संवाद फक्त आवाजासाठी पुन्हा बोलून घे. डबिंगमध्ये ती दमणूक परत येत नाही.

तारखांचं सांगतो. नाताळ ते २ जानेवारी समला उभं राहायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव चढतात. माघ पौर्णिमेला जैसलमेरचा मरु महोत्सव. १ डिसेंबरला मुंबई सोडलीस तर २२ तारखेपर्यंत जैसलमेर आटोपतं. राष्ट्रीय मरु उद्यानाच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला दिसायचा तोच माळढोक पक्षी तिथे गोडावण म्हणून आहे, जनरेटर घेऊन जायची ती जागा नव्हे. सीमेजवळच्या तनोटकडे चित्रीकरणाला जायचं असेल तर जिल्हाधिकारी आणि बीएसएफ दोघांचे कागद आधी. पालीजवळ ओम बन्नांचं थान येईल, जिथे बुलेट मोटरसायकलची पूजा होते. तो सीन ठेव, पण नायक तिथे हात जोडतो एवढंच. हसवायला जाऊ नकोस.

मला हट्टी म्हणतात, तुझा प्रॉडक्शन मॅनेजरही म्हणेल. म्हणू दे. आमच्या पिढीने वेळापत्रक कारकुनांच्या हाती सोपवलं आणि मग दोन तासांत नायकाचं वय, दाढी, दमणूक सगळं उड्या मारत राहिलं. त्याचं वाईट वाटतं म्हणूनच इतकं लिहितोय. क्रमाने काढलंस तर रोज रात्री हॉटेलात दिवसभराचं फुटेज जोडून बघता येतं, आणि पालीत जे जमलं नाही ते पोकरणच्या सीनमध्ये लिहून सावरता येतं. उलट क्रमाने गेलीस तर शेवट आधीच बांधलेला, सावरायला जागाच नाही. फुटेजच्या तीन प्रती, तिसरी वेगळ्या गाडीत.

गिरगावची खोली दोनदा भाड्याने घे. एकदा ३० नोव्हेंबरला, एकदा परत आल्यावर, गाडी न धुता आणि नटाला घरी न पाठवता. प्रॉडक्शन मॅनेजर इथेच सर्वात जास्त भांडेल. दोन दिवसांचं भाडं, दोनदा लाइट लावणं, त्याचा हिशोब बरोबर आहे. तरी दे. पैसे स्टुडिओच्या भिंतीतून वाचलेत.

नवं शेड्यूल रविवारपर्यंत करून पाठव. तारीख, सीन नंबर, गाव, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला आणि सूर्य कुठे, असे पाच रकाने कर. सीन नंबर कुठे उलटा दिसला तर मी लाल पेन घेऊन बसलोच आहे.

तुझा,
काका