तुरुंगातल्या ध्यान-योगाच्या गटांनी कैद्यांच्या मनाला खरंच फरक पडतो, की ते फोटोपुरतं असतं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा धाकटा भाऊ वर्षभर कच्च्या कैदेत आहे, त्याला झोप लागत नाही, आणि आता बराकीतल्या श्वास-ध्यानाच्या गटात नाव देऊ का म्हणून त्याने मुलाकातीत विचारलं. माझं म्हणणं, देऊ दे. मी काही वर्षं एका संस्थेतर्फे महाराष्ट्रातल्या एका मध्यवर्ती कारागृहात असे गट घेते. फरक पडताना पाहिला आहे. तो कशाने पडतो आणि कुठे पडत नाही, तेही सांगते.

आधी त्याची झोप. शिक्षा झालेल्या बंद्याला निदान सुटकेचा हिशेब मांडता येतो. कच्च्या कैद्याला फक्त पुढची तारीख मिळत राहते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली जवळजवळ ७६ टक्के खटला चालू असलेली, आणि तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की रात्रभर डोक्यावर दिवा चालू, शेजाऱ्याचं कोपर बरगडीत, कूस बदलायची तर दोघांना उठवावं लागतं, आणि डोक्यात वकिलाची फी. अशा माणसाला ‘मन शांत ठेव’ म्हणून काय उपयोग? त्याचं शरीरच चोवीस तास पहाऱ्यावर असतं. म्हणून सुरुवात शरीरापासून करावी लागते.

आमचा गट दहा-बारा जणांचा असतो. सतरंजीवर गोल करून बसायचं, आणि ज्याला पाठीमागे कुणी असलेलं चालत नाही त्याने भिंतीला टेकून बसायचं. डोळे मिटायची सक्ती नाही, समोरच्या फरशीकडे बघितलं तरी चालतं. आधी उभं राहून हातपाय झटकायचे, खांदे सोडायचे. मग एक हात पोटावर ठेवून चार आकड्यांत श्वास घ्यायचा आणि सहा आकड्यांत सोडायचा. सोडणं लांबलं की छातीची धडधड उतरते, हे पहिल्याच दिवशी कळतं, आणि ज्याला कशावरच ताबा उरलेला नाही त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नसते. शेवटी एकेकाने बोलायचं. मध्ये तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, गुन्ह्याबद्दल विचारायचं नाही, बोलायचं नसेल तर मान हलवून पुढच्याकडे द्यायचं.

एकदा एक पन्नाशीचा माणूस, आठवड्यांमागून आठवडे मान हलवून पुढे देणारा, म्हणाला, “आईच्या मातीला जाता आलं नाही.” एवढंच. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वेळी त्याच्या बराकीतल्या एका पोराने सांगितलं की त्या रात्री तिघे-चौघे त्याच्याजवळ सरकून झोपले. बराकीत रडणं म्हणजे कमजोरी दाखवणं, आणि ती दिसली की लोक वापरून घेतात. इतरांसमोर बोलून सुखरूप परत जाता येतं हा अनुभव तिथे फार दुर्मीळ आहे. आसनं आणि श्वास शिकवायला एखादा व्हिडिओही पुरेल. पण गट लागतो तो या अनुभवासाठी, असं माझं ठाम मत झालं आहे.

ही नियमांची पद्धत आमची नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जेम्स गॉर्डन यांच्या संस्थेने अशा छोट्या गटांची रीत बसवली आणि कोसोव्होत युद्धाचे घाव सोसलेल्या शाळकरी मुलांसोबत ती तपासून पाहिली. आपल्याकडे तुरुंगातला मोठा प्रयोग झाला तो विपश्यनेचा, म्हणजे दहा दिवस मौन पाळून करायच्या ध्यानाचा. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात विपश्यनेचे शिक्षक गोएंका गुरुजींनी पहिलं शिबिर घेतलं. पुढे किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना एप्रिल १९९४ मध्ये एक हजाराहून जास्त बंदी एकत्र बसले. तिथे कर्मचाऱ्यांनीही शिबिरं केली, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण शिपाई ताणात असेल तर तो ताण बराकीतच उतरतो. पण दहा दिवसांचं मौन कच्च्या कैद्याला अवघड जातं. मध्येच कोर्टाची तारीख येते, वकील भेटायला येतो. त्याच्यासाठी रोज थोडा वेळ किंवा आठवड्यातून एकदा भरणारा गट बरा.

पुराव्याचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या सात तुरुंगांत दहा आठवडे योगवर्ग घेतले, तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्ग केलेल्यांचा ताण कमी झाला, मनःस्थिती सुधारली, आणि आवेग आवरण्याच्या चाचणीतही ते सरस ठरले. स्वीडनमध्ये योगाची तुलना साध्या व्यायामाशी केली, तर ताण दोन्ही गटांचा कमी झाला, आणि एकाग्रता व वागणुकीत योगगट पुढे राहिला. म्हणजे योगाचं नाव ऐकून भाऊ बिचकत असेल तर मैदानात धावला तरी त्याला लाभ आहेच. सिएटलच्या एका तुरुंगात विपश्यना केलेल्यांचं सुटकेनंतरचं दारू आणि नशेचं प्रमाण कमी दिसलं, मात्र ते सगळे स्वतःहून बसलेले होते, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हे ठरवणं कठीण.

आता जपायच्या गोष्टी. सक्तीने बसवलेल्या गटात मी कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही. साहेब येणार म्हणून शंभर जणांना मैदानात बसवून फोटो काढतात, तेही होतं, आणि मला त्याचा संताप येतो. कारण बघणाऱ्यांना वाटतं काम झालं, आणि दुसऱ्या दिवशी सतरंजी कुलपात. दुसरं, ज्याला कानात आवाज येतात, ज्याला मारहाणीचे प्रसंग डोळ्यांपुढे येतात किंवा जो नशा सुटताना तडफडतोय, त्याला डोळे मिटून तासभर बसवलं तर त्रास वाढू शकतो. त्याला आधी डॉक्टर हवा. श्वासाने जामीन मिळत नाही आणि गोळीची जागाही भरत नाही.

म्हणून पुढच्या मुलाकातीत त्याला थेट विचारा: किती तास झोपतोस, जेवण जातं का, जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंत सर्वांत जास्त आत्महत्या असतात, त्यामुळे उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी अधीक्षकांच्या नावाने लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०३ मध्ये बंद्यांच्या उपचारांची तरतूद आहे, तिचा उल्लेख करा. अर्ज अडला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथला वकील फुकट मिळतो. आणि तुम्हालाही रात्री झोप लागत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांसाठीही आहे, मराठीत बोलता येतं.

गट घेणारी व्यक्ती दर आठवड्याला तीच येते का, तेवढं मात्र भावाला विचारून घ्या. दर वेळी नवा चेहरा येत असेल तर श्वासाचा भाग शिकून घे, मनातलं बोलायची घाई करू नकोस, असं सांगा.